समुद्रकिनारी पंचकर्माला जाताना

दिवाळी संपली की एकाच विषयावरची विचारणा सुरू होते. "केरळात समुद्रावर सात दिवसांचं पंचकर्म पॅकेज आहे, घेऊ का?" "आईचे गुडघे दुखतात, तिला नेलं तर फरक पडेल का?" "मेडिक्लेम मिळतो का?" "मुलं बरोबर आली तर त्यांना समुद्रात खेळता येईल ना?" विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे असतात, किंवा आईवडिलांना असा मुक्काम भेट म्हणून देऊ पाहणारी त्यांची मुलं. रक्कम लहान नसते. केरळच्या किनाऱ्यावरच्या चांगल्या आयुर्वेद रिसॉर्टचा दिवसाचा दर सहज पाच आकडी असतो आणि दोघांनी दोन आठवडे राहायचं म्हटलं तर खर्च लाखांत जातो. शिवाय हा प्रश्न फक्त पैशांचा नाही, शरीराचाही आहे. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी काय विचारायचं, काय ठरवायचं आणि तिथं गेल्यावर तुमचे हक्क कोणते, हे सविस्तर सांगावंसं वाटलं.

उपचार हवेत की विश्रांती?

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. रिसॉर्टच्या जाहिरातीत दोन्ही एकत्र दिसतात: नारळाची झाडं, निळा समुद्र, कपाळावर पडणारी तेलाची धार. प्रत्यक्षात खरं पंचकर्म आणि समुद्राकाठची सुट्टी यांचं फारसं जमत नाही.

वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मं. सगळ्यांना पाचही लागत नाहीत. तुमच्यासाठी कोणतं, हे वैद्य तपासून ठरवतात. पण त्याआधी काही दिवस स्नेहन आणि स्वेदन म्हणजे तूप-तेल पोटात घेणं, अंगाला तेल लावणं, शेक घेणं असतं. वमन-विरेचनानंतर पेया, विलेपी अशा क्रमानं पातळ पेजेपासून नेहमीच्या जेवणापर्यंत हळूहळू यावं लागतं. हे तिन्ही टप्पे सात दिवसांत नीट बसत नाहीत. चौदा दिवस लागतात, काहींना एकवीस.

शिवाय या काळात पथ्य असतं. उन्हात जायचं नाही, अंगावर वारा घ्यायचा नाही, गार पाण्यानं अंघोळ नाही, दुपारची झोप नाही, जागरण नाही. मासे नाहीत, दारू नाही, बहुतेक ठिकाणी चहा-कॉफीही नाही. म्हणजे समुद्रात पाय बुडवायचा नाही आणि वाळूत ऊन खात पडायचं नाही. समुद्र व्हरांड्यातून बघायचा. हे आधी माहीत असलं तर माणूस शांतपणे राहतो. माहीत नसलं तर तिसऱ्या दिवशी चिडतो आणि चौथ्या दिवशी पथ्य मोडतो.

सात दिवसांच्या पॅकेजमध्ये काय मिळतं? रोज अभ्यंग, शिरोधारा, वाफ, योगासनं, हलकं जेवण आणि भरपूर झोप. ही उत्तम गोष्ट आहे. थकलेल्या, झोप हरवलेल्या माणसाला तिचा खरंच फायदा होतो. फक्त तिला विश्रांती म्हणून घ्या आणि तेवढीच अपेक्षा ठेवा. सात दिवसांच्या तेलमालिशीला पंचकर्म म्हणून विकणाऱ्या ठिकाणी मी तरी पैसे भरणार नाही.

तुमच्यापुढे खरे पर्याय तीन आहेत:

- पाच ते सात दिवस विश्रांती, किनाऱ्यावर. ताण, थकवा, झोपेच्या किरकोळ तक्रारी यांसाठी. पथ्य सैल, समुद्राचा आनंदही घेता येतो.
- चौदा ते एकवीस दिवस उपचार, किनाऱ्यावर. वैद्य चोवीस तास हजर असलेल्या ठिकाणीच. समुद्र हा फक्त शेजार समजायचा.
- उपचार, रुग्णालयात. जुना सांधेदुखीचा आजार, पक्षाघातानंतरची अवस्था, मणक्याचा त्रास अशा वेळी. १९०२ साली सुरू झालेली कोट्टक्कलची आर्य वैद्य शाळा केरळातच आहे, पण समुद्रावर नाही. आणि केरळलाच गेलं पाहिजे असंही नाही. पुण्यात ताराचंद रामनाथ रुग्णालय आहे, मुंबईत वरळीला पोदार आहे. तिथला खर्च रिसॉर्टच्या तुलनेत फारच कमी.

आईच्या गुडघ्यांसाठी विचारणाऱ्यांना माझं उत्तर म्हणूनच ठरलेलं आहे: आधी अस्थिरोगतज्ज्ञ, मग गावातले चांगले वैद्य, आणि त्यांनी पंचकर्म सुचवलं तर रुग्णालय. तिला समुद्र दाखवायला वेगळं न्या.

नवरा-बायकोपैकी एकाला उपचार आणि दुसऱ्याला सुट्टी, असाही बेत पुष्कळ जण करतात. समोरच्या ताटात तळलेली करिमीन मासळी आणि आपल्या वाटीत पेज, हे दोन आठवडे निभावणं कठीण. असा बेत असेल तर पथ्याचं जेवणघर वेगळं आहे का, हे आधी विचारा. लहान मुलांना उपचारांच्या मुक्कामाला नेऊ नका. त्यांनाही कंटाळा येतो आणि उपचार घेणाऱ्याला शांतता मिळत नाही.

कोणता किनारा, कोणता महिना

तिरुवनंतपुरम विमानतळापासून कोवलम साधारण पंधरा किलोमीटरवर. कोवलमचा दीपगृहाचा किनारा गजबजलेला असतो. त्याच्या दक्षिणेला चोवरा हे शांत गाव आहे आणि आयुर्वेद रिसॉर्टांची दाटी तिथंच आहे. वर्कलाला तांबड्या कड्यावरून समुद्र दिसतो, खाली पापनाशम किनारा आहे. पण कड्यावरून खाली किनाऱ्यावर जायला पायऱ्या आहेत, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात घ्यावं. आलप्पुळाजवळचं मारारिकुलम सपाट, मोकळं, अजूनही कोळ्यांचं गाव वाटावं असं. तिथं आणि चोवऱ्याच्या बाजूलाही सकाळी किनाऱ्यावरून दोरखंडानं ओढत आणलेलं जाळं दिसतं. आपल्याकडच्या रापणीचंच हे भावंड, तिकडे त्याला कंबवला म्हणतात. मालवणकडच्या वाचकांना ते बघून घरी असल्यासारखं वाटेल.

महिन्याबाबत मात्र लोक हमखास उलटं करतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुंदर, समुद्र शांत आणि दर सर्वांत चढे. सुट्टीसाठी हाच काळ योग्य. पण उपचारांसाठी केरळी परंपरेनं निवडलेला काळ पावसाचा आहे. मध्य जुलै ते मध्य ऑगस्टच्या सुमाराचा कर्किडकम महिना तिथं शरीराची काळजी घेण्याचा मानतात, घरोघरी औषधी कांजी शिजते. हवा दमट-गार, ऊन नाही, बाहेर भटकण्याचा मोह नाही. समुद्र खवळलेला असतो, पण तुम्हाला नाही तरी त्यात उतरायचं नसतं. दर उतरलेले असतात, गर्दी ओसरलेली असते, वैद्यांकडे तुमच्यासाठी वेळ असतो. उपचारांसाठी जाणार असाल तर पावसातच जा, असं मी आग्रहानं सांगेन. एप्रिल-मे शक्यतो टाळा. उकाडा असह्य होतो.

प्रवासाबद्दल थोडं. मुंबईहून थेट विमानं आहेत. कोकण रेल्वेनं जाणाऱ्यांना लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्सप्रेस आहे, तीस तासांच्या आसपास लागतात. जाताना ठीक आहे. विरेचन झाल्यावर चार-पाच दिवसांत इतका लांब प्रवास, रेल्वेचं खाणं आणि अपुरी झोप मात्र शरीराला झेपत नाही. परतीला विमान घ्या, किंवा वैद्यांना विचारून मध्ये काही दिवस जाऊ द्या. कोच्चुवेली स्थानकाचं नाव आता तिरुवनंतपुरम नॉर्थ झालं आहे, तिकीट काढताना गोंधळू नका.

ठिकाण पारखायचं कसं

संगमरवरी स्वागतकक्ष आणि तांब्याची भांडी यांवरून काही कळत नाही. दोन कागद बघा. पहिला, केरळ पर्यटन विभागाचं आयुर्वेद केंद्रांचं वर्गीकरण. पूर्वी ग्रीन लीफ आणि ऑलिव्ह लीफ अशा श्रेणी होत्या, नंतर आयुर डायमंड, आयुर गोल्ड, आयुर सिल्व्हर अशा आल्या. प्रमाणपत्राला मुदत असते. भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र चालू आहे की जुनं, हे विभागाच्या यादीत ताडून बघा. दुसरा कागद एनएबीएच मानांकनाचा. हे रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन आयुष रुग्णालयांनाही मिळतं. दोन्ही नसलेलं ठिकाण वाईटच असतं असं नाही, पण मग तुमची चौकशी दुप्पट कसून व्हायला हवी.

फोनवर विक्री विभागाशी न बोलता वैद्यांशी बोलायला मागा. त्यांनी दहा मिनिटंही दिली नाहीत तर तिथंच थांबा. बोलणं झालं तर हे विचारा:

- तुमची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? बीएएमएस किंवा त्यापुढची पदवी आणि परिषदेची नोंदणी असल्याशिवाय वैद्य म्हणून कुणाला उपचार करता येत नाहीत.
- रात्री वैद्य आवारात असतात की फोनवर?
- उपचारांचा आराखडा मला तपासल्यावर ठरणार की पॅकेजमध्ये आधीच छापलेला आहे?
- पिळिचिलसारख्या उपचाराला किती उपचारक असतात? (अंगभर कोमट तेलाची धार सोडण्याचं हे काम एका माणसाचं नाही.)
- स्त्रियांना स्त्री आणि पुरुषांना पुरुष उपचारक मिळतील ना?
- सर्वांत जवळचं अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे?
- मासिक पाळीच्या दिवसांत उपचार थांबवता का, आणि त्या दिवसांचे पैसे कसे धरता?

शेवटचा प्रश्न विचारायला बायका संकोचतात. बहुतेक ठिकाणी त्या दिवसांत उपचार थांबवतात आणि सात दिवसांच्या मुक्कामातले तीन-चार दिवस असे गेले तर निम्मे पैसे वाया जातात. तारखा ठरवतानाच याचा विचार करा.

'मधुमेह मुळापासून बरा', 'कर्करोगावर हमखास इलाज' अशी जाहिरात दिसली तर पुढची चौकशीही नको. १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्यानं अशा आजारांवर उपचाराची जाहिरात करायलाच मनाई आहे. जो जाहिरातीतच कायदा मोडतो, त्याच्या हाती शरीर द्यायचं नाही.

निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला

सर्वांत धोकादायक चूक इथं होते. "आता आयुर्वेद चालू आहे ना, मग इंग्लिश गोळ्या कशाला?" असं म्हणून लोक रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करतात. कृपा करून असं करू नका. कोणतीही गोळी बंद करायची किंवा मात्रा बदलायची तर ज्यांनी ती लिहून दिली त्यांना विचारूनच.

काही प्रकृतीच्या लोकांनी विशेष जपायला हवं:

- मधुमेह. खाणं पेजेवर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्याच मात्रेत चालू राहिली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी चालू असताना उपास घडला तर वेगळीच गुंतागुंत होऊ शकते. ग्लुकोमीटर बरोबर घ्या. खाणं कमी केल्यावर मात्रा काय ठेवायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- रक्तदाब आणि हृदयविकार. वाफेच्या पेटीत बसण्याआधी परवानगी हवी. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर विरेचनात पाणी आणि क्षार झपाट्यानं कमी होतात. काढ्यात ज्येष्ठमध असेल तर ते सांगायला सांगा. सतत घेतल्यास त्यानं रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं.
- रक्त पातळ करणारी औषधं, पायाच्या शिरेत पूर्वी झालेली गुठळी, नुकती झालेली शस्त्रक्रिया. जोरकस मर्दन नको.
- गर्भारपण. वमन-विरेचनासारखे शोधनाचे उपचार अजिबात नाहीत.

चालू औषधांची नावं आणि मात्रा, अलीकडचे रक्ताचे अहवाल, अ‍ॅलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया हे सगळं एका कागदावर लिहून वैद्यांना द्या. प्रवेश-अर्जातल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. दारू किती, तंबाखू किती हेसुद्धा. लाजेखातर लपवलेली माहिती उपचारात अडचण होऊन उभी राहते.

आणखी एक साधी तयारी: दिवसाला चार कप चहा-कॉफी घेणाऱ्यांनी निघण्याआधी आठवडाभर तो हळूहळू कमी करावा. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस डोकेदुखीत जातात आणि दोष तेलाला दिला जातो.

पैसे भरताना

मागायचं ते ई-मेलवर मागा. फोनवरचं आश्वासन नंतर सिद्ध करता येत नाही. पॅकेजमध्ये काय आहे आणि काय नाही, हे ओळीनं लिहून घ्या: रोजचे उपचार किती व किती मिनिटांचे, पोटात घ्यायची औषधं त्यात की वेगळी, वैद्यांच्या तपासणीचं शुल्क, योगवर्ग, विमानतळावरून नेणं-आणणं, बरोबरच्या माणसाचं जेवण.

आणि एक अट प्रत्येकानं विचारायलाच हवी, जी फार थोडे विचारतात: तिथं पोचल्यावर तपासून वैद्यांनी उपचार नाकारले, तर काय? रक्तदाब चढलेला निघाला, ताप आला, हृदयाचे ठोके अनियमित आढळले, तर चांगला वैद्य नकार देईल आणि तेच योग्य आहे. पण मग तुमच्या उपचारांचे पैसे परत मिळणार की नुसत्या खोलीत राहायचं? याचं उत्तर लेखी घ्या. या अटीवर रिसॉर्ट कसं वागतं, यावरून बाकीचं पुष्कळ कळतं.

करांबाबत: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. एकरकमी पॅकेजवर कोणत्या दरानं कर लावणार आणि दाखवलेला आकडा करासहित की करावेगळा, हे विचारा. दोन आठवड्यांच्या बिलात हा फरक हजारोंचा असतो. बिलात आपोआप जोडलेलं सेवाशुल्क देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी हॉटेलांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. काढून टाका म्हणून सांगा. उपचारकांना स्वखुशीनं काही द्यायचं तर शेवटच्या दिवशी द्या.

पोचल्यावर पहिल्याच भेटीत "तुमच्या प्रकृतीला हे अजून दोन उपचार लागतील" असं सांगून वेगळी रक्कम मागितली, तर लगेच होकार देऊ नका. का लागतील, न घेतल्यास काय होईल, पॅकेजमधल्या एखाद्याऐवजी घेता येईल का, हे विचारा आणि एक रात्र जाऊ द्या.

विमा

थोडक्यात: रिसॉर्टमधल्या मुक्कामाचा मेडिक्लेम बहुधा मिळत नाही. विमा नियामक इर्डानं २०२४ साली विमा कंपन्यांना आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीनं धरायला सांगितलं, हे खरं. पण ते आयुष रुग्णालयात गरजेपोटी दाखल झालेल्या रुग्णासाठी. स्पा, निसर्गोपचार केंद्रं आणि तत्सम ठिकाणचे उपचार वगळण्याची अट सगळ्या पॉलिसींत प्रमाणित शब्दांत असते, वगळलेल्या बाबींच्या यादीत तिचा संकेतांक तेरावा. रिसॉर्टनं "क्लेम होतो" म्हटलं तर विमा कंपनीकडून त्या ठिकाणाचं नाव घालून लेखी होकार आणा. तो येत नसेल तर खर्च खिशातून होणार हे धरून चाला.

उपचारखोलीत तुमचा शब्द शेवटचा

पहिल्या दिवशी पुष्कळांना अवघडल्यासारखं होतं. लाकडी द्रोणीवर कमरेच्या छोट्या पट्टीनिशी झोपायचं, अनोळखी माणसं तेल लावणार, खोलीत धूप. संकोच वाटणं स्वाभाविक आहे, आणि तो सांगणंही. वरून पंचा मागता येतो. शरीराचा एखादा भाग सोडून द्या, असं सांगता येतं. उपचार कुठल्याही क्षणी थांबवता येतो, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. बस्तीसारख्या उपचाराआधी तो काय आहे, कसा करणार हे समजावून तुमची संमती घेतलीच पाहिजे.

उपचारकांना हिंदी कमी येतं. चार मल्याळम शब्द पाठ ठेवा: चूड म्हणजे गरम, पदुक्के म्हणजे हळू, मदी म्हणजे पुरे, वेंडा म्हणजे नको. दुखतं म्हणायला वेदना हा आपलाच शब्द चालतो. तेल चटका देत असेल तर सहन करत पडून राहू नका. वयस्कर माणसं भिडेखातर बोलत नाहीत आणि मधुमेहात पायांना चटका कळतही नाही. आईवडील जाणार असतील तर हे त्यांना दोनदा सांगा. तेलकट पायांनी न्हाणीघरात घसरून पडणं हा तिथला मोठा धोका आहे. आधाराच्या दांड्या आणि खडबडीत चटई नसेल तर मागून घ्या.

कुणी नको तसा स्पर्श केला तर तो गुन्हा आहे. खोलीबाहेर या, सोबतच्या माणसाला बोलवा, ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ आहे. तिथं तक्रार नोंदवण्याची मनःस्थिती नसेल तर घरी परतून आपल्या पोलीस ठाण्यातही नोंदवता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण सांगून पोलीस नकार देऊ शकत नाहीत.

पोटात घ्यायची आणि घरी न्यायची औषधं

निघताना मोठी पिशवी हातात देतात आणि बिल त्याहून मोठं असतं. सगळं घेण्याची सक्ती नाही. वैद्यांना विचारा, यातली खरोखर आवश्यक दोन-तीन कोणती? तीच औषधं तुमच्या गावात मिळतात का? बहुतेक तेलं, अरिष्टं पुण्या-मुंबईत सहज मिळतात.

बाटलीवर घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारखा हव्यातच. चिठ्ठी न लावलेल्या पुड्या घेऊ नका. औषधात पारा, शिसं किंवा तत्सम धातूंची भस्मं आहेत का, हे स्पष्ट विचारा. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि ते संशोधन तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनदा मातांनी अशी धातूंची औषधं (रसौषधं) घेऊच नयेत. बाकीच्यांनीही वैद्यांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घेत राहू नये.

समुद्रात उतरणार असाल तर

हे विश्रांतीसाठी जाणाऱ्यांपुरतं. लाल बावटा असेल तर पाण्याकडे जायचंच नाही, आणि जीवरक्षक नसेल तिथं गुडघ्यापुढे पाणी नको. किनाऱ्याला भिडून परत खेचणारा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही आत ओढतो. तसं झालं तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत केरळच्या किनाऱ्यावर वारा नसतानाही अचानक मोठ्या लाटा चढतात. मल्याळी लोक याला कळ्ळक्कडल म्हणतात आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचा इशारा आधी देते. रिसॉर्टला रोज विचारा.

'खासगी किनारा' या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू कुणा हॉटेलच्या मालकीची नसते. तिथं कोळीही जाळी सुकवणार, गावातली मुलंही खेळणार, आणि तो त्यांचा हक्क आहे.

परतल्यावर

कागदपत्रं घेतल्याशिवाय निघू नका: केसपेपर, कोणते उपचार कोणत्या दिवशी झाले, कोणती औषधं दिली, पुढचं पथ्य किती दिवस. हे सगळं आपल्या डॉक्टरांना आणि गावातल्या वैद्यांना दाखवा. उपचारांनंतर चार-पाच दिवस कामावर जाऊ नका, लग्नाची पंगत तर नकोच. रजा मागताना हे दिवस धरूनच मागा. वजन उतरलेलं दिसेल. ते बरंचसं कमी खाण्यामुळे आणि शरीरातलं पाणी घटल्यामुळे असतं, त्यावर विसंबून मधुमेहाच्या गोळ्या कमी करू नका. आठ-दहा दिवसांनी साखर आणि रक्तदाब तपासून डॉक्टरांना ठरवू द्या.

कबूल केलेलं मिळालं नाही तर

जिथल्या तिथं व्यवस्थापकाला लेखी कळवा, तारखेसह. ठरलेले उपचार झाले नसतील तर रोजच्या उपचारपत्रकावर डोळे मिटून सही करू नका, न झालेल्या उपचारासमोर तसं लिहा आणि पत्रकाचा फोटो काढून ठेवा. परतल्यावर दाद मागायची असेल तर:

- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीतून बोलता येतं. पुष्कळ परतावे याच पायरीवर मिळतात.
- वैद्यकीय हलगर्जी किंवा बोगस पदवीचा संशय असेल तर केरळच्या राज्य वैद्यक परिषदेकडे, आणि वर्गीकृत केंद्र असेल तर केरळ पर्यटन विभागाकडेही तक्रार पाठवा.
- समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी तिरुवनंतपुरमला खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, मग ते सातारा असो की सोलापूर. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून दाखल करता येते आणि वकील नेमलाच पाहिजे असं नाही.
- मुदत दोन वर्षांची. बिलं, ई-मेल आणि उपचारपत्रकाचे फोटो तोवर जपून ठेवा.